इनुइटांची भूक आणि अन्नाचा हक्क

कॅनडाच्या उत्तर टोकाला असलेल्या नुनावुत प्रदेशात २५ वस्त्या आहेत आणि त्यांपैकी एकाही वस्तीपर्यंत दक्षिणेकडून रस्ता जात नाही. दूध आणि भाजीपाला विमानाने येतो, तर जड सामान उन्हाळ्यात समुद्रावरचे बर्फ फुटल्यावर जहाजाने येते. या वाहतुकीचा सारा बोजा दुकानातल्या किमतींवर पडतो. २००७-०८ च्या आरोग्य पाहणीत येथील इनुइट या मूलनिवासी समाजाच्या सुमारे ७० टक्के कुटुंबांना पुरेशा अन्नाची शाश्वती नसल्याचे आढळले. जगातील अत्यंत सधन देशांपैकी एका देशातले हे चित्र आहे.

जेथे शेती पिकत नाही तेथे उपासमार अटळ, असा समज सहज होतो. पण इनुइटांनी याच बर्फाळ किनाऱ्यांवर सील, कॅरिबू (उत्तरेकडील रानटी रेनडिअर), मासे आणि देवमासे यांवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली आहे. नारव्हाल आणि बेलुगा या देवमाशांची कातडी व तिच्याखालची चरबी यांना मक्ताक म्हणतात. उलू या अर्धगोल पात्याच्या सुरीने त्याचे लहान तुकडे करून ते बहुधा कच्चेच खाल्ले जाते. कच्च्या मक्ताकमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि शिजवल्यास ते बरेच घटते, त्यामुळे फळे-भाज्या नसतानाही स्कर्व्हीपासून बचाव होत आला. सीलच्या गडद मांसात लोह भरपूर असते, तर सागरी प्राण्यांच्या चरबीतून मिळणारे ड जीवनसत्त्व सूर्य न उगवणाऱ्या हिवाळ्यात फार मोलाचे ठरते.

हे अन्न दुरावले त्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास इनुइटांना कायमच्या वस्त्यांत आणले गेले आणि त्यांचे स्लेज ओढणारे कुत्रे मोठ्या संख्येने मारले गेले. नुनावुतच्या किकिक्तानी भागातील या कृत्यांबद्दल कॅनडा सरकारने २०१९ मध्ये माफी मागितली. युरोपने १९८३ मध्ये सीलच्या पिलांच्या कातड्यांची आयात रोखल्यावर एकूणच सीलच्या कातड्यांचा बाजार कोसळला आणि शिकारीला लागणारे स्नोमोबाइलचे (बर्फावरच्या मोटारगाडीचे) इंधन व काडतुसे ज्या पैशांतून येत, ते उत्पन्नच आटले. सीलच्या उत्पादनांवरील २००९ च्या युरोपीय बंदीत इनुइटांना सवलत होती, परंतु गेलेला बाजार त्या सवलतीने परत आला नाही. आता तापमानवाढीमुळे समुद्रावरचे बर्फ उशिरा गोठते आणि शिकारीच्या जुन्या वाटा धोक्याच्या झाल्या आहेत. दूरच्या उद्योगांतून आलेला पारा अन्नसाखळीत वर चढत देवमाशांच्या शरीरात साठतो, ही हानीही इनुइटांनी ओढवून घेतलेली नाही.

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार कॅनडाने १९७६ मध्ये स्वीकारला असून त्याच्या अकराव्या कलमात पुरेशा अन्नाचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक विशेष प्रतिवेदक ऑलिव्हिए द श्युटर यांनी २०१२ मध्ये कॅनडाचा दौरा करून याच हक्काच्या कसोटीवर परिस्थिती तपासली. उत्तरेतील दुकानांत अन्न स्वस्त करण्यासाठी २०११ पासून चालू असलेल्या ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ या सरकारी योजनेत अनुदान दुकानदारांमार्फत दिले जाते. शिकारीसाठी साहाय्य नंतर आले. ते आधीच यायला हवे होते, कारण स्वस्त झालेले दूध कुटुंबाची शिकारीची क्षमता परत देऊ शकत नाही. इनुइट तापिरीत कनातामी या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या धोरणात भूक संपवण्याबरोबरच अन्नव्यवस्थेवर इनुइटांचे स्वतःचे नियंत्रण असावे, ही मागणी म्हणूनच केंद्रस्थानी आहे.