तीनशे पासष्टची खूणगाठ

माया, ॲझ्टेक आणि इन्का ही तीन नावं आपण एका दमात घेतो. एकाच धड्यात, एकाच पानावर, पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या एकाच चित्राखाली ती भेटतात, आणि हे तिघं सख्खे शेजारी असावेत असं वाटत राहतं. माझाही बरीच वर्षं तसाच समज होता. तो मोडला तो त्यांचे हिशेब वाचायला घेतले तेव्हा. हे लोक काय मोजत होते आणि मोजलेलं कशावर टिपून ठेवत होते, एवढं पाहिलं तरी तिघांचे चेहरे वेगळे दिसू लागतात.

आधी काळाचं बघू. माया नगरांच्या ऐन भराचा काळ इ.स. २५० ते ९००. ग्वाटेमालाच्या जंगलातल्या टिकालची उंच मंदिरं आठव्या शतकात उभी राहत होती, म्हणजे आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं त्याच शतकात. ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. त्यांनी १३२५ साली आजच्या मेक्सिको शहराच्या जागी, सरोवरातल्या एका बेटावर तेनोच्तित्लान वसवलं. देवगिरीच्या यादवांचं राज्य तेव्हा नुकतंच बुडालं होतं, आणि टिकाल ओस पडून कित्येक पिढ्या उलटल्या होत्या. इन्का तर दुसऱ्याच खंडातले, दक्षिण अमेरिकेतले. १४३८च्या सुमारास पाचाकुती हा राजा कुस्को या इन्का राजधानीच्या गादीवर आला आणि शंभर वर्षांच्या आत अँडीज पर्वताच्या कण्यावरून सुमारे चार हजार किलोमीटर लांबीचं राज्य पसरलं. तेनोच्तित्लान आणि कुस्को यांच्यात साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. ही दोन राज्यं एकाच काळात नांदत होती, पण त्यांच्यात थेट जाणं-येणं असल्याचा पुरावा सापडलेला नाही.

आता एकच आकडा घेऊ आणि तिघांकडे लिहून बघू. वर्षाचे दिवस, ३६५.

मेशिका लेखकाकडे ही संख्या मांडायला चित्रं होती. एकासाठी टिंब, विसासाठी झेंडा, चारशेसाठी केसांच्या बटेसारखी किंवा पिसासारखी खूण, आठ हजारांसाठी थैली. सगळी मोजणी विसाच्या पटीत. आपल्याकडेही जुनी माणसं ‘तीन विसा’ म्हणजे साठ असं मोजत, तसंच. तेव्हा ३६५ म्हणजे अठरा झेंडे आणि पाच टिंबं, एकूण २३ खुणा. या पद्धतीत जागेला किंमत नाही. झेंडा कुठेही काढा, तो वीसच.

माया लेखकाला तीन खुणा पुरत. एकाचं टिंब, पाचाची आडवी रेघ आणि शिंपल्यासारखं एक चिन्ह. अंक खालून वर लिहायचे. कालगणनेत सर्वात खाली सुटे दिवस, त्यावर वीस दिवसांचे गट, त्यावर ३६० दिवसांचे. ३६५ लिहायचं तर खाली एक रेघ, मध्ये शिंपला, वर एक टिंब: ३६०चा एक गट, विसाचा एकही नाही, सुटे पाच. तो मधला शिंपला म्हणजे शून्य. ‘इथे काही नाही’ हे सांगण्यासाठी त्यांनी खास चिन्ह ठेवलं होतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याच्या आकडेमोडीचे नियम लिहिले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण महासागरापलीकडे, भारताशी कसलाही संबंध नसताना, माणसाच्या बुद्धीने तेच दार स्वतंत्रपणे उघडलं, याचा मला त्याहून जास्त आनंद होतो. जागेप्रमाणे किंमत ठरवण्याची ही युक्तीही माया नगरांच्या ऐन भराहून जुनी आहे. मेक्सिकोतल्या चियापा दे कोर्सो इथे सापडलेल्या शिळेच्या तुकड्यावर अशा पद्धतीने कोरलेली तारीख इ.स.पू. ३६ची आहे.

मायांनी हे सगळं वापरलं ते मुख्यतः काळ मोजायला. त्यांच्याकडे एक सम्राट, एक राजधानी असं काही नव्हतं. टिकाल, कालाकमुल, पालेंके, कोपान अशी आपापल्या राजांची, आपसांत लढणारी नगरं होती. राजाचा जन्म, राज्यारोहण, युद्ध, मृत्यू, प्रत्येक गोष्टीची तारीख दगडावर कोरायची, आणि तीही दिवसासकट. म्हणून पालेंकेचा पाकाल राजा ६०३ साली जन्मला, बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ साली गेला, हे आज ठामपणे सांगता येतं. त्याच्या समाधीवरच्या मंदिरातल्या लेखात त्याच्या राज्यारोहणाची सांगड इ.स. ४७७२ सालाशी घातली आहे. २०१२ साली माया पंचांगाप्रमाणे जग बुडणार म्हणून केवढी आवई उठली होती! पंचांग लिहिणारे मात्र त्यापुढची २७०० वर्षं बिनधास्त मोजून बसले होते.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात त्यांची एक पोथी आहे. उंबराच्या कुळातल्या झाडाची साल कुटून केलेला कागद, त्यावर चुन्याचा पातळ लेप, आणि घड्या घालून केलेली पानं. तिच्यात शुक्राचं कोष्टक आहे. शुक्र पहाटे उगवू लागल्यापासून पुन्हा तसाच पहाटे उगवू लागेपर्यंत सुमारे ५८४ दिवस जातात. अशा पाच फेऱ्या म्हणजे २९२० दिवस, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षं म्हणजेही २९२० दिवस. हा मेळ त्यांनी नेमका पकडला होता. त्याच पोथीतल्या ग्रहणांच्या कोष्टकात ४०५ चांद्रमास ११,९६० दिवसांत बसवले आहेत. भागाकार करून पाहा, एक चांद्रमास २९.५३०९ दिवसांचा येतो. आजचं मोजमाप २९.५३०६ आहे. दुर्बीण नाही, काच नाही. पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडे बघणं आणि पाहिलेलं लिहून ठेवणं, बस्स.

मेशिकांकडेही पंचांग होतं, तेही विसाच्या मोजणीवर चालणारं. पण त्यांच्या हिशेबाचं खरं रूप दिसतं ते खंडणीच्या वह्यांत. १४२८ साली तेनोच्तित्लान, तेत्सकोको आणि त्लाकोपान या तीन नगरांनी युती केली आणि आजूबाजूचा मुलूख एकामागून एक अंकित केला. जिंकलेल्या राजाला बहुधा गादीवर ठेवायचं, पण ठरलेला माल ठरलेल्या वेळी वसूल करायचा. स्पॅनिश अमलाच्या सुरुवातीला मेशिका चित्रकारांकडून तयार करवलेली एक वही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या पानांच्या कडेने गावांची नावं चित्रांत आहेत आणि मध्ये माल: सुती चादरी, योद्ध्यांचे पोशाख, कोकोच्या बिया, हिरवी पिसं, मिरच्यांच्या गोण्या. एका पानावर रबराचा चेंडू आहे आणि त्याच्याशी आठ हजारांच्या दोन थैल्या. म्हणजे तोच्तेपेक प्रांताने १६,००० चेंडू धाडायचे. हे रबर साधा चीक नव्हता, बरं का. नुसता चीक वाळला की ठिसूळ होतो. त्यात गारवेलीच्या जातीतल्या एका वेलीचा रस मिसळला की तो उसळी मारू लागतो. युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांत गंधक घालून रबर पक्कं करायला लागले ते एकोणिसाव्या शतकात. इथे ही विद्या हजारो वर्षं जुनी होती.

या वह्या वाचताना मला मेशिकांच्या पडझडीचं कारणही कळत गेलं. १५१९ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला सुरुवातीला साथ दिली ती सेम्पोआलाच्या तोतोनाक लोकांनी, खंडणीने आणि बळीसाठी माणसं द्यावी लागल्याने ते गांजलेले होते. त्लाश्काला तर मेशिकांचं जुनं वैरी राज्य. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडलं तेव्हा कोर्तेसच्या बाजूला काही शे स्पॅनिश आणि हजारोंच्या संख्येने स्थानिक योद्धे होते, आणि आदल्या वर्षीच्या देवीच्या साथीने शहराचं कंबरडं आधीच मोडलं होतं. दिल्या-घेतल्याचा हिशेब अगदी चोख होता, पण देणाऱ्याला परत काय मिळतं याचा रकाना त्या वहीत दिसत नाही.

इन्कांच्या हिशेबात तो रकाना होता.

त्यांच्याकडे कागद नव्हता, दगडावर कोरलेली अक्षरंही नव्हती. होती ती किपू: कापसाची किंवा लामा-अल्पाका या अँडीजमधल्या प्राण्यांच्या लोकरीची एक जाड दोरी आणि तिच्यावरून लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्या, कधी दहा-वीस, कधी शेकडो. ‘खूणगाठ’ हा शब्द आपल्याकडे आहे, पदराला गाठ मारून गोष्ट लक्षात ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. किपू म्हणजे अख्ख्या राज्याची खूणगाठ.

वरचा ३६५ तिथे कसा बांधतील? लोंबत्या दोरीवर वरच्या टप्प्यात तीन साध्या गाठी, म्हणजे शतकं. थोडं अंतर सोडून सहा साध्या गाठी, दशकं. सर्वात खाली एकच लांबट गाठ, पाच वेढ्यांची, एकक. एकूण दहा गाठी. ३०५ असेल तर मधली जागा मोकळी सोडायची, ती मोकळी जागाच शून्य. एकक नेहमी लांबट गाठीने का? कारण त्यामुळे संख्या कुठे संपली ते बोटाला कळतं, आणि एकाच दोरीवर खाली दुसरी संख्या सुरू करता येते. एका वेढ्याची लांब गाठ साध्या गाठीसारखीच दिसेल, म्हणून एककातल्या एकासाठी इंग्रजी आठाच्या आकाराची वेगळी गाठ. इतकं बारकाईने ठरवलेलं! लेलंड लॉक या अमेरिकी अभ्यासकाने १९१२ साली ही उकल मांडली. काही किपूंमध्ये लोंबत्या दोऱ्यांवरच्या संख्यांची बेरीज वरच्या दोरीवर बांधलेली असते, ती जुळवून पाहिली की उकल बरोबर असल्याची खात्री पटते.

ही मोजणी दशमान होती, आपल्यासारखी. राज्यकारभारही दहाच्या घड्यांवर: दहा कुटुंबांवर एक, शंभरांवर एक, हजारावर, दहा हजारांवर. पैसा नव्हता, म्हणून कर श्रमाच्या रूपाने द्यायचा. वर्षातले काही दिवस रस्ता, पूल, शेत किंवा फौजेसाठी. काम करणाऱ्याचं जेवण आणि मक्याची दारू राज्याकडे. त्यासाठी डोंगरउतारांवर, वारा खेळेल अशा जागी, कोठारांच्या रांगा असत. वानुको पाम्पा या एकाच ठिकाणी सुमारे ५०० कोठारं मोजली आहेत. त्यांत मका आणि थंडीत गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढलेले, उन्हात वाळवलेले बटाटे, जे वर्षानुवर्षं टिकतात. इन्कावासी या ठिकाणी उत्खननात किपू सापडले तेच मुळी शेंगदाणे, मिरच्या आणि शेंगांच्या दाण्यांच्या संगतीत. कोठीत आत काय आलं नि बाहेर काय गेलं, याची नोंद मालाशेजारीच ठेवलेली. बटाटा, मिरची, मका, शेंगदाणा यांतलं काहीच आपल्या मातीतलं नव्हतं. ज्या बटाट्यावाचून आपला वडा होत नाही, त्याला माणसाळवलं अँडीजमधल्या शेतकऱ्यांनी आणि आपल्याला त्याचं नाव मिळालं पोर्तुगीजांकडून. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली आणि स्पॅनिश सेनानी पिझारोने काहामार्का इथे इन्का राजा आतावाल्पाला पकडलं १५३२ साली. एकाच लाटेची ही दोन टोकं.

त्या लाटेत हिशेब जळले. मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी गावात डिएगो दे लांदा या पाद्र्याने १५६२ साली माया पोथ्यांची होळी केली. आज सगळ्या जगात मिळून चार उरल्या आहेत. मेशिकांच्या जुन्या पोथ्या त्यांच्याच इत्झकोआत्ल राजाने पंधराव्या शतकात जाळल्या होत्या, उरलेल्यांतल्या बहुतेक स्पॅनिशांनी संपवल्या. १५८३ साली लिमाच्या धर्मसभेने किपू नष्ट करायचा हुकूम काढला. आकाशाच्या किती नोंदी, किती गावांचे खानेसुमारीचे आकडे त्या आगीत गेले असतील, हा विचार आला की मला अजूनही पोटात तुटतं.

माया लिपी पुन्हा वाचता येऊ लागली. युरी क्नोरोझोव या सोविएत अभ्यासकाने १९५२ साली तिच्यातली चिन्हं उच्चार दाखवतात हे मांडलं, आणि हळूहळू दगड बोलू लागले. माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही तिथे आहेत, त्यांचाही या वाचनाला आधार झाला. किपूंमधल्या संख्या वाचता येतात, पण सगळे किपू संख्यांचे नाहीत. काही दोऱ्यांवरच्या गाठी दशमानात बसतच नाहीत.

पेरूमधल्या सान हुआन दे कोलाता या डोंगरी गावात असे दोन किपू पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पेटीत जपून ठेवले होते. ही पूर्वजांची पत्रं आहेत, असं गावकरी सांगतात. मानववंशशास्त्रज्ञ सबीन हायलँड यांनी त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. रंग, धागा आणि पिळाची दिशा धरून ९५ वेगवेगळ्या खुणा त्यात निघाल्या. निव्वळ मोजणीला इतक्या खुणा लागत नाहीत, उच्चार लिहिणाऱ्या लिपीला मात्र लागू शकतात. धागेही एका प्राण्याचे नाहीत: विकुन्या, अल्पाका, लामा, हरीण. लोकर कुठल्या प्राण्याची यालाही अर्थ आहे, असं गावातल्या जाणत्यांचं म्हणणं. आणि तो फरक बरेचदा डोळ्यांना दिसत नाही. दोरी चिमटीत धरून बोटांनी चाचपावी लागते.