मोडीतून निघालेली चक्रं: स्टीमपंक दागिन्यांची पार्श्वभूमी

स्टीमपंक दागिना म्हटलं की डोळ्यांसमोर पितळी दातेरी चक्रं येतात. लोलकात उघडंच ठेवलेलं घड्याळाचं यंत्र, कानातल्यात लटकणारी जुनी चावी, अंगठीत काचेखाली बसवलेले घड्याळाचे काटे. ही सगळी सजावट विज्ञानकथांतून आली असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कल्पना कथांमधून आली, पण माल आला सोन्याच्या मोडीतून. आणि तो एकदा नव्हे, दोनदा आला.

साहित्याची बाजू आधी उरकून घेऊ. के. डब्ल्यू. जीटर, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तीन अमेरिकन लेखक व्हिक्टोरियन काळात घडणाऱ्या अद्भुत कथा लिहीत होते. १९८७ मध्ये जीटरने ‘लोकस’ या विज्ञानकथांच्या मासिकाला पाठवलेल्या पत्रात अशा लेखनासाठी थट्टेच्या सुरात ‘स्टीमपंक’ हे नाव सुचवलं आणि ते रूढ झालं. वाफ आणि दातेरी चक्रं यांच्याच जोरावर जग पुढे गेलं असतं तर काय झालं असतं, हा या कथांचा गाभा. चार्ल्स बॅबेजचं गणनयंत्र हे त्यातलं लाडकं उदाहरण. त्याच्या पहिल्या डिफरन्स इंजिनचं काम १८३३ मध्ये थांबलं. दुसऱ्याचे आराखडे त्याने पूर्ण केले, पण ते यंत्र त्याच्या हयातीत उभंच राहिलं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्या आराखड्यांवरून गणना करणारा भाग १९९१ मध्ये बांधला आणि तो व्यवस्थित चालला.

आता दागिन्यांकडे. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. या काळातले दागिने म्हणजे सगळी हातची नाजूक कारागिरी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सामान्य माणसाच्या अंगावरचा दागिना तेव्हा झपाट्याने कारखान्यात जात होता. बर्मिंगहॅममध्ये एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने सोन्याचांदीचा मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. पत्र्यावर ठशाने नक्षी उठवून, मुलामा देऊन दागिने ढिगाने निघू लागले. त्याआधी स्वस्तातल्या सोनेरी दागिन्यांसाठी पिंचबेक नावाचा तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू वापरत. तो ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ख्रिस्तोफर पिंचबेक लंडनचा घड्याळजी होता, हे मला फार गमतीचं वाटतं. आज स्टीमपंकवाले ज्या सोनेरी पितळी छटेवर जीव टाकतात, तिच्यामागेही एक घड्याळजीच निघतो. पुढे मुलामा स्वस्त झाला आणि १८५४ मध्ये ब्रिटनमध्ये ९, १२ आणि १५ कॅरेटच्या सोन्यालाही कायदेशीर मान्यता मिळाली. पिंचबेकची गरज संपली.

यंत्राच्या धातूचा दागिना करण्याची हौसही जुनीच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पोलादाचे बारीक पैलूदार मणी पट्टीवर एकेक करून रिव्हेटने बसवत आणि ते मेणबत्तीच्या उजेडात हिऱ्यांसारखे लखलखत. प्रशियात तर लोखंडालाच मान मिळाला. १८१३ च्या नेपोलियनविरोधी युद्धात लोकांनी सोन्याचे दागिने सरकारला दिले आणि बदल्यात ‘सोनं देऊन लोखंड घेतलं’ अशा अर्थाची अक्षरं असलेल्या लोखंडी अंगठ्या घेतल्या. बर्लिनच्या ओतकाम कारखान्यांतले काळे, जाळीदार हार त्यानंतर बराच काळ युरोपभर मिरवले गेले. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर राणीने कायमचा काळा वेश धरला आणि इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या जेट या काळ्या दगडाला बाजार आला. स्टीमपंकमधला काळा रंग, कॅमिओ (उठावदार कोरलेली चेहऱ्याची नक्षी) आणि लॉकेट हा भाग त्या शोकाच्या दागिन्यांतून आला आहे. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबतो.

मला महत्त्वाचा वाटतो तो फारसा न सांगितला जाणारा दागिना. व्हर्ज या चक्रांची गती ठरावीक ठेवण्याच्या जुन्या पद्धतीच्या खिशातल्या घड्याळांत बॅलन्स व्हीलवर, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या चाकावर, एक छोटंसं झाकण असे, त्याला कॉक म्हणतात. त्या चाकाचा वरचा टोकदार आस धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. पण घड्याळ मागून उघडलं की आधी नजर पडायची ती त्याच्यावर, म्हणून कारागीर त्यावर हाताने जाळी कापत: वेली, फुलदाण्या, पक्षी, कधी बुडाशी एक छोटा मुखवटा. हातचं काम असल्याने एकासारखा दुसरा सहसा नसे. एकोणिसाव्या शतकात लिव्हर या अधिक अचूक पद्धतीची घड्याळं रूढ झाली आणि व्हर्ज घड्याळं मागे पडली. लोकांनी ती मोडीत काढली. सोन्याचांदीची केस वितळली गेली, आतलं यंत्र कवडीमोल ठरलं. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हे नक्षीदार कॉक टाकून देण्याजोगे नाहीत. ते एकमेकांना कड्यांनी जोडून हार, बांगड्या आणि ब्रोच केले गेले. व्हिक्टोरियन काळातले असे हार आजही लिलावात येतात. घड्याळाचे अवयव गळ्यात घालण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस सुचली असं मानणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत.

दुसरी मोड अमेरिकेतली, आणि ती कितीतरी मोठी. ॲरन डेनिसन आणि त्याच्या भागीदारांनी १८५० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये यंत्रावर घड्याळाचे सुटे भाग करण्याचा उद्योग सुरू केला, त्यातूनच वॉल्थम कंपनी उभी राहिली. १८६४ मध्ये एल्जिन आली आणि शंभरेक वर्षांत तिने सुमारे ६ कोटी घड्याळं बनवली. या धंद्याची एक रीत पुढे दागिने करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. कारखाना बहुधा नुसतं यंत्र विकायचा, केस दुसरी कंपनी बनवायची. गिऱ्हाईक दुकानात जाऊन यंत्र निवडे, ऐपतीप्रमाणे केस निवडे आणि दुकानदार दोन स्क्रूंनी यंत्र केसमध्ये बसवून देई. त्यासाठी मापं ठरलेली होती. १८ साइजच्या यंत्राचा व्यास सुमारे ४५ मिलिमीटर, बायकांच्या घड्याळातल्या ० साइजचा सुमारे ३० मिलिमीटर. ज्या दोन स्क्रूंनी यंत्र बसत असे, तेच दोन स्क्रू काढले की ते बाहेर येई.

मग २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने टोकियोत क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. पुढच्या दीड दशकात चावीच्या घड्याळांची सद्दी संपली. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० मध्ये सुमारे ९० हजार माणसं होती, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यातली जेमतेम तिसरा हिस्सा उरली. त्याच सुमारास सोनं भडकलं. १९७० च्या दशकारंभी औंसाला ३५ डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरवर गेला. आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ कपाटात ठेवण्यापेक्षा सराफाकडे देणं शहाणपणाचं ठरलं. केस मुशीत गेली आणि केसविना यंत्रं डब्याडब्यांनी साठत राहिली. २०११ मध्ये सोनं १,९०० डॉलरच्या आसपास पोचलं तेव्हा हेच पुन्हा घडलं.

हा साठा आणि कथांमधून आलेली आवड यांची गाठ इंटरनेटवर पडली. २००५ मध्ये एत्सी हे हस्तकलेच्या वस्तूंचं ऑनलाइन बाजारस्थळ सुरू झाल्यावर घरी बसून दागिने करणाऱ्याला जगभरचं गिऱ्हाईक मिळालं, आणि जुन्या घड्याळांच्या भागांची पुडकी विकणाऱ्यांनाही. ऑक्टोबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या काळात ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात आर्ट डोनोव्हन यांनी मांडलेलं स्टीमपंक प्रदर्शन भरलं, तेव्हा ही हौस कलादालनातही शिरली होती.

करायला बसलं की हा इतिहास बोटांना लागतो. यंत्र हातात घ्या. चक्रं पितळी, पण त्यांच्या मधोमध असलेला बारीक दात्यांचा दांडा पोलादी, म्हणून चुंबकाला थोडं तरी चिकटतं. चक्रं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर मशीनने काढलेल्या लहरी असतात. स्क्रूंची डोकी निळी. तो निळा रंग लावलेला नसतो, पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर चढलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. गंज काढायला यंत्र व्हिनेगरमध्ये बुडवलं की गंजाबरोबर तो निळाही जातो आणि स्क्रू राखाडी होऊन बसतात. लालगुलाबी ठिपके म्हणजे माणिक, चक्रांच्या आसांची टोकं त्यांत फिरतात. १९०२ मध्ये व्हर्न्यूईने कृत्रिम माणकाची रीत जाहीर केली, त्यानंतर ते फारच स्वस्त झाले. व्हर्ज घड्याळातली फ्युझीची (स्प्रिंगचा जोर सारखा ठेवणाऱ्या शंकूची) साखळी हाती लागली तर नशीबच म्हणायचं: सायकलच्या साखळीसारखीच घडण, पण जाडी दोऱ्याएवढी.

मुख्य स्प्रिंग मात्र आधी पूर्ण उतरवायची. ती ताणलेली असताना पट्टी काढली तर चक्रं उडतात आणि बोटही फाटतं. आणि अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांपासून लांब राहावं. साधारण १९१० पासून १९६० च्या दशकापर्यंत त्या रंगात रेडियम असे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. चमकणारं रसायन केव्हाच मरतं, किरणोत्सर्ग चालूच राहतो. तबकडी चमकत नाही म्हणून ती खरवडायला घेणं हा धोका आहे.

जोडकामात दोन पंथ आहेत. एक इपॉक्सी हा गोंद लावून मोकळा होणारा आणि दुसरा रिव्हेट, स्क्रू, तारेचा वेढा यांनी जोडणारा. डाख देणं अवघडच जातं, कारण तेलाचा अंश आणि जुना मुलामा दोन्ही आड येतात. माझा कल दुसऱ्या पंथाकडे आहे. यंत्र मुळात स्क्रूंनी उभं होतं, दागिन्यातही तसंच राहिलं की सांधा लपवावा लागत नाही. शिवाय घामाने आणि उन्हाने गोंद सुटतो.

यावरूनच या शैलीतला जुना वाद निघतो. कशावरही चक्र चिकटवायचं आणि त्याला स्टीमपंक म्हणायचं, अशी टर जाणकार उडवतात. जे चक्र कशालाच फिरवत नाही ते चक्र कसलं, असा त्यांचा मुद्दा. मला तो पूर्ण पटत नाही. व्हिक्टोरियन अभियंतेच यंत्राला निरुपयोगी नक्षी लावण्यात पुढे होते. लंडनचं सांडपाणी उपसणाऱ्या क्रॉसनेस पंपिंग स्टेशनचं १८६५ मधलं रंगीत, पानाफुलांचं ओतीव लोखंड पाहावं. मैला उपसण्याच्या जागी एवढी सजावट! मात्र चिकटवलेलं चक्र ठशाने कापलेलं, सपाट, बाजारात चार्म म्हणून विकलं जाणारं असेल तर माझीही हरकत आहे. त्याला दांडा नसतो, दाते बोथट असतात आणि झिजेची खूण कुठेच नसते.

खऱ्या मालावर आता घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचाही डोळा आहे. चांगलं यंत्र फोडलं की एक सुट्या भागांचा साठा संपतो, ही त्यांची तक्रार रास्त आहे. त्यामुळे बरेच दागिनेवाले गंजलेली, बॅलन्सचा आस मोडलेली किंवा बायकांच्या मनगटी घड्याळांतली छोटी यंत्रंच घेतात. फोडण्याआधी पट्टीवर कोरलेला अनुक्रमांक पाहावा. वॉल्थम आणि एल्जिनच्या क्रमांकांवरून यंत्र साधारण कोणत्या वर्षी बनलं ते कळतं. २१ किंवा २३ माणकांचं रेल्वेच्या दर्जाचं यंत्र निघालं तर ते लोलकात घालण्यापेक्षा घड्याळजीला विकलेलं बरं, त्या पैशांत साध्या यंत्रांचा डबाभर माल येतो.