लाइन क्लिअर

रेल्वेच्या गाडीसंचालनातील पारिभाषिक संज्ञा आणि मराठी बोलीतील बहुअर्थी शब्दप्रयोग. पुढच्या स्थानकाने मागच्या स्थानकाला गाडी सोडण्यास दिलेली संमती, हा मूळ अर्थ. पुण्याच्या बोलण्यात परवानगी मिळणे, अडसर दूर होणे, पाळतीवर कोणी नसणे, एखाद्याचे कुठे जुळलेले नसणे असे अर्थ त्याला येऊन मिळाले आहेत. लेखनात ‘लाईन क्लिअर’, ‘लाइन क्लीअर’ ही रूपेही आढळतात. ‘लाइन’प्रमाणेच हा प्रयोग सामान्यतः स्त्रीलिंगी चालतो.

रेल्वेतील पद्धत नीट समजून घेतल्याशिवाय बोलीतील अर्थांचा उलगडा होत नाही. लगतच्या दोन स्थानकांमधील रुळाचा पट्टा म्हणजे ब्लॉक सेक्शन. त्यात एका वेळी एकच गाडी असावी, हा निरपवाद ब्लॉक पद्धतीचा पाया. मागच्या स्थानकाचा स्टेशनमास्तर आपल्या अधिकारात गाडी सोडू शकत नाही. पुढच्या स्थानकाकडे त्याला लाइन क्लिअर मागावी लागते. पुढच्या स्टेशनमास्तरला ती देण्यापूर्वी आधीची गाडी शेवटच्या डब्यासह पूर्ण आत आली आहे, तिच्यामागचे सिग्नल पुन्हा धोक्यावर गेले आहेत आणि आपल्या पहिल्या थांबा-सिग्नलपर्यंतचा व त्यापलीकडचाही काही रूळ मोकळा आहे, याची खात्री करावी लागते. हे पलीकडचे अंतर दोन-संकेती सिग्नल असतील तेथे किमान 400 मीटर आणि बहुसंकेती सिग्नल असतील तेथे किमान 180 मीटर असते. आधीची गाडी पूर्ण आल्याची खूण म्हणजे शेवटच्या डब्यामागची ‘एल.व्ही.’ (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) अक्षरांची पाटी, रात्री लाल दिवा. दोन्ही स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असतात आणि बोलणे घंटेच्या ठोक्यांनी होते : लक्ष वेधण्यासाठी एक ठोका, लाइन क्लिअर विचारण्यासाठी दोन, गाडी सेक्शनमध्ये शिरल्याचे तीन, बाहेर पडल्याचे चार.

एकेरी मार्गावर समोरून गाडी येण्याचा धोका असतो, म्हणून तेथे नुसती तोंडी वा तारेची संमती पुरत नाही. इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे 1874 मध्ये तारेच्या निरोपांतील घोळामुळे एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आदळून 25 माणसे दगावली. त्यानंतर 1878 मध्ये एडवर्ड टायर यांनी टॅब्लेट यंत्राचे पेटंट घेतले. टॅब्लेट म्हणजे परवान्यादाखल ड्रायव्हरला द्यायची चकती. दोन्ही स्थानकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच टॅब्लेट बाहेर निघे आणि ती हातात असल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जाता येत नसे. भारतात याच तत्त्वावरचे नील यांचे गोळा-टोकन यंत्र विशेष प्रचारात आले. पोलादी गोळा चामडी पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला, आणि कडे फलाटावरून ड्रायव्हरच्या हाती. यंत्र बिघडल्यास कागदी लाइन क्लिअर तिकीट देतात आणि त्यावर स्टेशनमास्तरांनी एकमेकांना कळवलेले खाजगी क्रमांक नोंदतात. या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट कायम आहे : मागच्याला रूळ कितीही मोकळा दिसला तरी त्याच्या दिसण्याला किंमत नाही. लाइन क्लिअर हे पलीकडच्याने द्यायचे वचन आहे.

पुण्याशी या संज्ञेचा संबंध जुना आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा–पुणे टप्पा 1858 मध्ये सुरू झाला. भोर घाटातला मार्ग 1863 मध्ये पुरा झाल्यावर मुंबई–पुणे सलग गाडी धावू लागली. बोलीच्या दृष्टीने मात्र दक्षिणेकडचा, मिरजेचा मार्ग अधिक महत्त्वाचा वाटतो. आरंभी मीटर गेज असलेला आणि 1971 च्या सुमारास ब्रॉड गेज झालेला हा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता, दुहेरीकरण अलीकडचे. जेजुरी, वाल्हे, नीरा अशा स्थानकांवर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी, गाडी अडकून पडे. ‘का थांबलीय?’ या प्रश्नाला ‘लाइन क्लिअर मिळाली नाही’ हे फलाटावरचे उत्तर असे. प्रवाशांच्या तोंडी संज्ञा बसण्याचा हा एक सरळ मार्ग. घोरपडी, ताडीवाला रस्ता या भागांतील रेल्वे वसाहती हा दुसरा.

व्युत्पत्तीबाबत मतभेदाला जागा आहे. बोलीतील प्रयोग टेलिफोनवरून आला असे म्हणता येते, कारण ‘लाइन लागणे’, ‘लाइन तुटणे’, ‘लाइन बिझी असणे’ हे सर्व तिकडचे. पुण्यापुरता आणखी एक पर्याय लष्करी. पुणे व खडकी छावण्यांमुळे ‘लाइन’ शब्द शिपायांच्या राहत्या रांगांसाठी येथे पूर्वीच परिचित होता. पोलीस लाइन हे त्याचेच रूप. युद्धकाळातील ‘ऑल क्लिअर’ या धोका टळल्याच्या इशाऱ्याचाही प्रभाव असू शकेल. तरीही क्रियापदांची साक्ष रेल्वेच्या बाजूने अधिक वजनदार आहे. ‘घरून लाइन क्लिअर मिळाली’, ‘साहेबांनी लाइन क्लिअर दिली’ या वाक्यांत लाइन क्लिअर ही कोणीतरी देण्याची आणि कोणालातरी मिळण्याची गोष्ट आहे. टेलिफोनची लाइन अशी ‘क्लिअर’ म्हणून कोणी देत नाही. ‘लाइन क्लिअर आहे’ या ‘असणे’वाल्या प्रयोगाबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. तेथे एकाहून अधिक उगम मिसळले असावेत. बोलीतील प्रसार बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

‘देणे–मिळणे’ गटात पलीकडच्याची संमती टिकून आहे. मुलीच्या घरच्यांचा होकार आला की ‘तिकडून लाइन क्लिअर आली’. कचेरीत ‘वरून लाइन क्लिअर मिळाली की फाइल सरकेल’. ‘असणे’ गटात अर्थ जवळजवळ उलटा होतो, कारण तेथे बोलणाऱ्याने स्वतः पाहून खात्री केलेली असते. वर्गाबाहेर पहाऱ्याला ठेवलेला पोरगा ‘सर गेले, लाइन क्लिअर!’ म्हणतो. एकेरी रस्त्यावर उलट दिशेने घुसू पाहणारा दुचाकीस्वार चौकात मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, नाही एवढे पाहून तेच म्हणतो. रेल्वेच्या नियमात नेमकी हीच कृती निषिद्ध आहे, आणि पुण्याच्या रस्त्यांवर या अर्थाची किंमत लोक हातपाय मोडून देतात. कॉलेजच्या कट्ट्यावरचा अर्थ तिसरा : ‘त्याची लाइन क्लिअर आहे’ म्हणजे त्याचे कुठे जमलेले नाही. यात ‘लाइन मारणे’, ‘लाइन देणे’ यांतील लाइन येऊन मिळाली आहे, त्यामुळे हा अर्थ केवळ रेल्वेच्या खात्यावर मांडणे योग्य नाही.

वृत्तपत्रांनी मथळ्यांत हा प्रयोग उचलला. उमेदवारी, बढती किंवा रखडलेला प्रकल्प मार्गी लागला की ‘लाईन क्लिअर’ छापले जाते. ‘हिरवा कंदील दाखवणे’ हा त्याचा सख्खा शेजारी, पण अधिक औपचारिक. प्रत्यक्ष रेल्वेत दोहोंचा क्रम ठरलेला आहे. लाइन क्लिअर आधी मिळते, गार्डचा हिरवा कंदील नंतर. मराठी मथळ्यांत हा क्रम उरलेला नाही. ‘रुळावर येणे’, ‘रुळावरून घसरणे’, ‘यार्डात जाणे’, ‘सायडिंगला टाकणे’ हे याच कुळातले.

स्वयंचलित ब्लॉक पद्धतीत रुळातील विद्युत मंडलांवरून सिग्नल आपोआप बदलतात आणि प्रत्येक गाडीसाठी लाइन क्लिअर मागावी लागत नाही. मार्च 2022 मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोत गाडी आणि नियंत्रण यंत्रणा यांचा संपर्क रेडिओवरून सतत चालू असतो. तेथे स्थानकाने स्थानकाला विचारण्याचा प्रश्नच येत नाही.