स्लॅशरपटांची सुरुवात: आधी डोळा, मग कान

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्याकडे रविवारी दुपारी शेजारपाजारची मंडळी जमून सिनेमा बघतात. सध्या स्लॅशरपट चालू आहेत, म्हणजे सुरा घेतलेला खुनी आणि एकेक करून मरणारी तरुण मुलं. वाद एकच: १९७८चा ‘हॅलोविन’ सुरुवातीला जास्त घाबरवतो की १९९६चा ‘स्क्रीम’? दोघांमध्ये १८ वर्षांचं अंतर आहे. पण उत्तरासाठी आणखी १८ वर्षं मागे जावं लागतं.

१९६०मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन चित्रपट आले. हिचकॉकचा ‘सायको’ भर दुपारी उघडतो: फिनिक्स शहर, शुक्रवार ११ डिसेंबर, २ वाजून ४३ मिनिटं. भीतीचं नावही नाही. न्हाणीघरातला खून येतो तो पाऊण तास उलटल्यावर. मायकल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ मात्र पहिल्याच प्रसंगात आपल्याला खुन्याच्या कॅमेऱ्यामागे उभं करतो. ब्रिटिश समीक्षकांनी तो असा झोडपला की पॉवेलची कारकीर्द पुन्हा सावरली नाही. वाट मात्र त्यानेच पाडली.

१९७४मध्ये कॅनडात बॉब क्लार्कने ‘ब्लॅक ख्रिसमस’ केला. जड श्वास टाकत कुणीतरी मुलींच्या निवासाच्या भिंतीवरून पोटमाळ्यावर चढतं आणि ते आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो. थोड्या वेळाने खाली फोन वाजतो. पुढच्या दोन्ही वाटा, डोळ्याची आणि कानाची, या एका घरातून निघाल्या असं मी मानतो.

डोळ्याची वाट जॉन कार्पेंटरने ‘हॅलोविन’मध्ये टोकाला नेली. १९६३ची रात्र. सुमारे चार मिनिटं कॅमेरा घराला वळसा घालतो, स्वयंपाकघरात शिरतो, सुरा उचलतो, जिना चढतो. वाटेत मुखवटा चढतो आणि पडद्यावर फक्त दोन भोकं उरतात. सगळं सलग वाटतं. सांधे अंधारात लपवलेले आहेत. अंगावर बांधायचा, न हिंदकळणारा पॅनाग्लाइड कॅमेरा तेव्हा नवा होता आणि अवघ्या सव्वातीन लाख डॉलरांच्या आसपासच्या चित्रपटाने तो वापरला. सुरा उचलणारा हात निर्माती डेब्रा हिलचा आहे. मग बाप मुखवटा ओढतो, आणि ज्याच्या डोळ्यांत आपण इतका वेळ बसलो होतो तो निघतो सहा वर्षांचा मुलगा.

आमच्या आत्याने आयुष्यभर ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकवलं. हा प्रसंग संपताच ती म्हणाली, “अरे, ह्याने तर आधी अख्खी चीज, म्हणजे बंदिश, मांडली.” मला ते फार पटलं. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा, आधी नीट भरले जातात आणि मग बढत, म्हणजे विस्तार, होते. इथेही घर, सुरा, मुखवटा, मुलगी हे सगळं पहिल्या चार मिनिटांत येऊन जातं आणि उरलेला चित्रपट त्याचीच बढत करतो.

१९८०च्या ‘फ्रायडे द थर्टींथ’ने हीच युक्ती उचलली, पण उलटी. तिथे खुन्याचा डोळा मिळतो आणि चेहरा शेवटापर्यंत मिळत नाही. समोरचा मुलगा घाबरण्याआधी ओशाळून सफाई देऊ लागतो, म्हणजे आलेलं माणूस ओळखीचं आहे, एवढाच काय तो धागा. पुढे या डोळ्याची इतकी नक्कल झाली की त्यातला दचका गेला.

कानाची वाट १९७९च्या ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’मध्ये सापडते. परक्या घरात मुलं सांभाळणारी मुलगी, वारंवार येणारे फोन आणि शेवटी पोलिसांनी शोधून काढलेलं: फोन याच घरातून येताहेत. या सुरुवातीत खुनी जवळजवळ दिसतच नाही. वेस क्रेव्हनचा ‘स्क्रीम’ याच घरात परत येतो. सुरुवातीचा प्रसंग साधारण बारा मिनिटांचा. चुकून लागलेला नंबर, गॅसवर फुगत जाणारं पॉपकॉर्न, गोड आवाजातल्या सिनेमाच्या गप्पा. आणि अभिनेत्री ड्रू बॅरीमोर, जिचा चेहरा पोस्टरवर होता आणि म्हणून जी मरणार नाही असं प्रेक्षक धरून चालले होते. खुनी तिला ‘फ्रायडे द थर्टींथ’मधल्या खुन्याचं नाव विचारतो आणि ती चुकते. मागच्या चित्रपटाने लपवलेला चेहराच इथे जिवावर बेततो.

माझं मत ‘स्क्रीम’ला आहे, ते त्यातल्या एका क्षणामुळे. आईवडील घरी परततात, आई पोलिसांना फोन लावायला रिसीव्हर उचलते आणि तिला लेकीचा श्वास ऐकू येतो. ‘हॅलोविन’च्या वेळी आत्याने डोळ्यांवर पदर घेतला होता. या वेळीही घेतला, पण थोड्या वेळाने तोच पदर खाली टाकून तिने दोन्ही कान दाबून धरले.