गाळणे की निथळणे : घरगुती मॅश टनच्या तळाची पार्श्वभूमी

मराठीत चहाही गाळतात आणि दारूही गाळतात. मात्र पहिल्या ठिकाणी चोथा मागे राहतो, तर दुसऱ्या ठिकाणी वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने भांड्यात उतरते. बिअरसाठी सातूचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, भरडून मॅश टन नावाच्या भांड्यात गरम पाण्यात भिजवतात आणि त्यातून वर्ट नावाचा गोड रस काढतात. या कृतीत ऊर्ध्वपातन कोठेच नसल्यामुळे ‘बिअर गाळली’ हे बोलणे दुसऱ्या अर्थाने सरळ चुकीचे ठरते. पहिल्या अर्थानेही ते दिशाभूल करते, हे पुण्यात घरी बिअर करण्याच्या छंदाविषयी होणाऱ्या गप्पा ऐकताना वारंवार जाणवते. गाळणे म्हटले की वस्त्रगाळ आठवते, हात आपोआप बारीक जाळीकडे जातो आणि जाळी जितकी बारीक तितका वर्ट स्वच्छ, अशी समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात बारीक जाळी पिठाने लिंपली जाते व तोटी बंद पडते, कारण वर्ट गाळण्याचे काम जाळी करतच नाही. ते काम सातूची टरफले करतात. त्यांचा वीतभर जाडीचा थर एकदा नीट बसला आणि सुरुवातीचे गढूळ दोन-तीन लिटर हलक्या हाताने पुन्हा वरून सोडले, की त्याच थरातून स्वच्छ रस येऊ लागतो. जाळीने किंवा नळीने तो थर केवळ तोलून धरायचा असतो. या पायरीसाठी जगभरच्या बिअर-परिभाषेत रुळलेला ‘लॉटर’ हा शब्द मुळात जर्मन असून त्याचा अर्थ ‘निर्मळ करणे’ असा आहे. चाळणीचा त्यात उल्लेखही नाही. मराठीत ‘निथळणे’ हा शब्द त्याला अधिक जवळचा वाटतो, म्हणून पुढे तोच वापरला आहे.

जुन्या कारागिरांना ही गोष्ट ठाऊक होती. फिनलंडमध्ये साहती नावाची बिअर करताना पोखरलेल्या ओंडक्याच्या कुंडीत जुनिपरच्या फांद्या अंथरत, त्यांवर भिजलेला माल्ट ओतत आणि टोकाच्या भोकातून रस काढत. इंग्लंडच्या कारखान्यांत छिद्रांच्या पत्र्याचा खोटा तळ आला, आणि माल्ट पुन्हा पुन्हा भिजवण्याऐवजी वरून गरम पाणी शिंपडत खालून रस सोडण्याची स्कॉटलंडमधील रीत एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरली. जर्मन पद्धतीच्या भांड्यांत तळाच्या निरनिराळ्या भागांतून स्वतंत्र नळ्या निघत, प्रत्येकीला वेगळी तोटी असे, आणि सगळ्या तोट्यांच्या धारा एका उघड्या पन्हळीत पडत. कोणता भाग मंद निथळतो आहे, हे त्यामुळे डोळ्यांना दिसे. घरगुती टनचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या अनेक तोट्यांचे काम एकाच तोटीकडून करून घेण्याची खटपट आहे, असे म्हणता येईल.

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, पण बिअर राहून गेली; ती मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली आणि फेब्रुवारी १९७९ पासून अमलात आली. त्या काळातली प्रचलित युक्ती म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन प्लास्टिकच्या बादल्या, आणि आतल्या बादलीच्या तळाला ड्रिलने पाडलेली शेकडो भोके. निथळण्यापुरते हे ठीक होते. पण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमान तासभर टिकवणे बादलीला जमत नसे आणि दोन तळांमध्ये बराच रस अडकून राही. त्यावर उपाय म्हणून सहलीचा आइसबॉक्स पुढे आला. तो बहुधा आयताकृती असल्यामुळे त्यात गोल पत्रा बसेना, तेव्हा अर्ध्या इंची तांब्याच्या नळ्यांची चौकट करून तिला खालच्या अंगाने आरीने चिरा पाडण्यास सुरुवात झाली. सांधे डाख न देता नुसते दाबून बसवत. त्यामुळे चौकट उकलून धुता येई आणि शिशाची भीती राहत नसे.

याच चौकटीवरून खरा वाद पेटला, आणि तो वरकरणी नळ्यांचा असला तरी मुळात धुवणाचा, म्हणजे माल्टमध्ये उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढण्याचा होता. अखंड धुवणात वरून पाणी पडत असते आणि खालून तितकाच रस जात असतो. पाणी नेहमी सोपी वाट धरते. टनला एकच तोंड असेल, तर प्रवाह त्या तोंडाकडे एकवटतो, जवळचा माल्ट गरजेपेक्षा जास्त धुतला जातो आणि कोपऱ्यांतली साखर तशीच राहते. जास्त धुतलेल्या भागात आम्लता घटून पीएच सहाच्या आसपास गेला, की टरफलांतला तुरटपणाही रसात उतरतो. सच्छिद्र थरातून पाणी कसे वाहते याचा नियम १८५६ मध्ये फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून पुढे आला होता. सुमारे दीडशे वर्षांनी त्याच तत्त्वाने आइसबॉक्समधल्या नळ्यांची अंतरे ठरवली गेली. बाहेरची नळी भिंतीपासून दोन नळ्यांमधील अंतराच्या निम्म्यावर असावी, हा त्यातला सर्वांत उपयोगी नियम. नळी भिंतीला चिकटवली, तर पाणी थरात न शिरता भिंतीलगतच खाली उतरते.

दुसऱ्या पक्षाने हा प्रश्नच निकालात काढला. रस पूर्ण सोडून द्यावा, मग गरम पाणी एका खेपेत ओतून माल्ट ढवळावा आणि पुन्हा पूर्ण सोडावा, असे खेपेचे धुवण ते करीत. ढवळल्यामुळे साखर सर्वत्र सारखी पसरते, मग रस कोणत्या कोपऱ्यातून निघतो याला महत्त्व उरत नाही. थोडी साखर वाया जाते, ती मूठ-दोन मुठी जास्त माल्ट घालून भरून काढता येते. प्रस्तुत लेखकाला हीच बाजू पटते, आणि चौकटीच्या भूमितीवर खर्ची पडलेल्या संध्याकाळी आठवल्या की अधिकच पटते. मात्र खेपेच्या धुवणात दुसरीच गोष्ट जड होते. पाच किलो माल्ट स्वतःतच सुमारे पाच लिटर पाणी धरून ठेवतो. त्यात तोटीच्या पातळीखाली आणखी दीड लिटर अडकले, तर तेवढी साखर दोन्ही खेपांत मागे राहते. त्यामुळे तळाच्या रचनेचा भर समान प्रवाहावरून शेवटच्या पेल्यावर आला.

पुढचे बदल झपाट्याने झाले. २००० च्या सुमारास नळाला जोडतात त्या स्टीलच्या विणीच्या पाइपमधील रबर काढून नुसती वीण तळाशी टाकण्याची पद्धत पसरली, आणि त्या दशकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियात कापडी पिशवीतच माल्ट भिजवून ती उचलून घेण्याची रीत निघाली, जिच्यात तळाचा प्रश्नच उरत नाही.

पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत, परंतु घरच्या बिअरला त्याने वाट मिळालेली नाही. मूळच्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार, म्हणजे १९४९ च्या कायद्यानुसार, परवान्याशिवाय मद्य करणे तर गुन्हा आहेच, पण त्या हेतूने भांडी व साधने बाळगणेही त्यात येते. ‘गाळणे’ या शब्दाला इकडे जो हातभट्टीचा वास आहे, तो त्यामुळे अधिकच गडद होतो. परदेशात हा छंद करून परतलेल्यांच्या बोलण्यात मात्र इथली सामग्री हटकून येते : तांबट आळीतले तांबे, बोहरी आळीतल्या तोट्या, आणि मोदकपात्राची छिद्रांची ताटली, जी खोटा तळ म्हणून दिसायला आयती असली तरी कडेने फट सोडते व टरफले तिथूनच निसटतात. गिझरच्या स्वस्त पाइपची वीण ओल्या माल्टच्या वजनाखाली चेपते, म्हणून आत तांब्याच्या तारेचे वेटोळे घालावे लागते. कोणतीही रचना पारखण्याची पद्धत एकच : टन नुसत्या पाण्याने भरायचा, तोटी आपोआप थांबेपर्यंत सोडायचा आणि तळाशी उरलेले पाणी मापाने मोजायचे. ते अर्ध्या लिटरच्या वर भरले, तर आधी तोटीचे भोक खाली घ्यावे लागते. जाळीचा विचार त्यानंतर येतो.