नाणं वाकवायचं हत्यार म्हणजे पक्कड नव्हे

नाणं वाकवण्याची जादू शिकायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "घरात पक्कड आहेच, मग बेंडर, म्हणजे नाणं गुपचूप वाकवायचं हत्यार, वेगळा कशाला बनवायचा?" त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: पकडीच्या दातांचे वळ उठतात, म्हणून. मग कोणी पकडीच्या जबड्यांना चिंधी गुंडाळतो, कोणी चामड्याचा तुकडा लावतो आणि प्रश्न सुटला असं समजतो. मला हे उत्तर मान्य नाही. वळ हा परिणाम आहे, फरक वेगळ्याच ठिकाणी आहे.

पक्कड सगळ्यांनी वापरलेली आहे, तिच्याबद्दल फार सांगत नाही. बेंडर म्हणजे टोकाला खाच असलेल्या दोन जाड पट्ट्या. नाण्याचा एक अर्धा भाग एका खाचेत घालायचा, दुसरा दुसरीत, आणि पट्ट्या दोन हातांनी खाली वळवायच्या. किंमत, वजन, गंज यांत दोघांत सांगण्यासारखा फरक नाही.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत या जादूसाठी बहुतेक वेळा क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं घेतात. त्याचा व्यास २४.२६ मिलिमीटर, जाडी १.७५ मिलिमीटर. आत तांबं आणि दोन्ही अंगांना तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा थर. ढोबळ हिशेब केला तर ते मधोमध कायमचं वाकवायला साडेचार न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ, म्हणजे वळवण्याचा जोर, लागतो. नाणं एका पकडीत धरलं की बाहेर जेमतेम १२ मिलिमीटर उरतं. तेवढ्या तोकड्या टोकावर अंगठ्याने हा पीळ द्यायचा तर साधारण ४५ किलोचा दाब हवा. तो कोणाच्याही अंगठ्यात नसतो. ऊस मोडताना आपण पेराला चिकटून धरत नाही, दोन्ही हात लांब ठेवतो. इथेही वाकण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना लांब दांडा हवा, एकीकडेच असून भागत नाही. दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटरच्या पट्ट्या असतील तर प्रत्येक हाताला पाच-साडेपाच किलोचाच जोर लागतो.

इथे कोणी म्हणेल, मग दोन पकडी घेऊ. घ्या, नाणं वाकेल. पण खरा घोटाळा इथेच होतो, कारण दोन पकडी आणि दोन खाचा लांबून सारख्याच वाटतात. पक्कड आवळून धरते. मूठ सैल केली की नाणं सुटतं, त्यामुळे प्रत्येक हाताला आवळणं आणि वळवणं ही दोन कामं एकाच वेळी करावी लागतात, आणि आवळण्याचा सगळा जोर नाण्याच्या नक्षीवर पडतो. खाच आवळत नाही. नाणं तिच्यात सैलच बसतं. पट्टी वळवायला लागलं की खाचेच्या तोंडाची एक कड नाण्याला एका अंगाने टेकते आणि आतला तळाकडचा भाग दुसऱ्या अंगाने. या दोन टेकूंमध्ये नाणं वळवण्याच्या जोरानेच धरलं जातं. हात सैल केला की ते अलगद निघतं. शिवाय पकडीचा जबडा अरुंद असतो, २४ मिलिमीटरच्या नाण्याचा मधला भागच धरतो, म्हणून वाक सरळ रेषेत न येता नाण्याला बशीसारखा खोलगटपणा येतो. खाच पूर्ण रुंदीला टेकू देते, त्यामुळे रेघ सरळ येते.

प्रेक्षकाकडून मागून घेतलेल्या, त्याची सही असलेल्या नाण्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं ठरतं. आधी वाकवून ठेवलेलं नाणं तिथे चालत नाही, म्हणूनच तर हत्यार खिशात मावायला हवं. पकडीच्या दाताखाली सही खरवडली गेली तर जादू तिथेच संपते.

बनवताना मी करवतीने खाच पाडायच्या भानगडीत पडत नाही. ती क्वचितच सरळ उतरते. हार्डवेअरच्या दुकानातून २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाची) पट्टी आणा. १० सेंटिमीटरचे दोन तुकडे, आणि त्यांच्यामध्ये २ मिलिमीटर जाडीचा तेवढाच रुंद तुकडा, टोकापासून ११ मिलिमीटर आखूड. दोन ठिकाणी भोकं पाडून ४ मिलिमीटरच्या नट-बोल्टने आवळा, त्यातला एक बोल्ट खाचेच्या जितका जवळ घेता येईल तितका. मधल्या तुकड्याची जाडी हीच खाचेची रुंदी, त्यामुळे माप चुकायला जागाच राहत नाही. अशा दोन करा. जोडीचं वजन तीनशे ग्रॅमच्या थोडं वर जातं, कोटाच्या खिशाला ते झेपतं. अ‍ॅल्युमिनियम वापरू नका, खाचेचं तोंड हळूहळू फाकतं.

दोन खाचा प्रत्येकी ११ मिलिमीटर खोल असल्या की मध्ये सव्वादोन मिलिमीटर नाणं उघडं राहतं, वाक तिथेच पडतो. सगळ्यात जास्त वेळ खाचेच्या तोंडाच्या कडा गोल करण्यात घाला: आधी कानस, मग बारीक पॉलिश पेपर. चाळीसेक किलोचा दाब त्याच कडेवर येतो. ती धारदार राहिली तर नाण्यावर आडवी रेघ उमटते, आणि मग पकडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अर्ध्या डॉलरचं नाणं याच हत्याराने वाकवू नका. ते ३०.६ मिलिमीटर रुंद आणि २.१५ मिलिमीटर जाड, खाचेत शिरतच नाही. पीळही जवळजवळ दुप्पट लागतो, कारण जाडीचा परिणाम वर्गाने वाढतो. त्याच्यासाठी वेगळ्या मापाची जोडी करावी.

भारतातल्या वाचकांनी रुपया-दोन रुपयांची नाणी या कामाला घेऊ नयेत. २०११ च्या नाणे कायद्याने चलनी नाणी वितळवायला आणि नष्ट करायला बंदी आहे, आणि नाणं विद्रूप करण्याच्या त्यातल्या व्याख्येत आकार बदलणंही येतं. सरावाला पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पितळी पत्र्यातून कापून घेतलेल्या चकत्या उत्तम.

वाक किती द्यायचा याबद्दल माझं मत पक्कं आहे: वीस-पंचवीस अंश, त्याहून जास्त नाही. काटकोनात दुमडलेलं नाणं पाहिलं की माणसाला पहिल्यांदा हत्यारच आठवतं. कमी वाकलेलं नाणं टेबलावर ठेवून एका टोकाला बोट लावलं की डोलतं, आणि प्रेक्षकाची खात्री पटायला तेवढं पुरतं.