हद्द वाढली म्हणून इंदूर श्रीमंत होत नाही

‘पालिकेची हद्द वाढली की शहराची उत्पादकता वाढते,’ हे इंदूरच्या सराफा बाजारातल्या गप्पांपासून भाषणांपर्यंत ऐकू येतं. ते चूक आहे. २०१४मध्ये इंदूर महापालिकेत २९ गावं आली, वॉर्ड ६९चे ८५ झाले. पण नकाशावरच्या रेघेनं कुणाचा पगार वाढत नाही.

उलट सरासरी घसरू शकते. समजा, २० लाख लोकांचं माणशी उत्पन्न २ लाख रुपये आहे. त्यात माणशी ९० हजारांची २ लाख माणसं जोडा: सरासरी १.९ लाख! गरीब मात्र कुणीच झालं नाही.

मोठ्या शहराचा फायदा खरा आहे, फक्त बेताचा: विकसित देशांतल्या अभ्यासांत लोकसंख्या दुप्पट झाल्यावर उत्पादकता साधारण ३ ते ८ टक्के जास्त आढळते. तो येतो कामगार, पुरवठादार, गिऱ्हाईक जवळ असल्यानं, आणि ‘जवळ’ म्हणजे प्रवासाचा वेळ. कारखान्यांचं पीथमपूर धार जिल्ह्यात, इंदूर पालिकेबाहेर. तरी इंदुरातून रोज माणसं तिथं कामाला जातात. म्हणून शहर केवढं हे मोजायचं तर रोजच्या ये-जा करण्यावरून. युरोपात १५ टक्के नोकरदार मुख्य शहरात कामाला जात असतील, तर ते गाव त्या शहराच्या क्षेत्रात धरतात.